निरभवणे मॅडमनी न तपासलेली यादी

निरभवणे मॅडम ग्रंथालयात कुणालाही "शांत बसा" म्हणत नसत. कुजबुज वाढली की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि बोलणाऱ्याकडे नुसतं बघत राहायच्या. नजरेत राग नसायचा. तुमचं पुढचं वाक्य ऐकायला थांबल्यासारख्या त्या बघायच्या, आणि मग आपण काय बोलत होतो याचीच आपल्याला लाज वाटायची. ती नजर माझ्या वाट्याला नीट एकदाच आली. त्याबद्दल पुढे सांगते.

नाशिकच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या ग्रंथपाल होत्या. ग्रंथालय तळमजल्यावर, सायकल स्टँडच्या मागच्या बाजूला. मॅडम उंच, किडकिडीत. सुती साडी आणि तिच्यावर जवळजवळ बाराही महिने बिनबाह्यांचं मरून रंगाचं स्वेटर. "पुस्तकांच्या खोलीत थंडी मुरते," म्हणायच्या. टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं एक छोटं चित्र आणि शेजारी थर्मास, त्यात कोरा चहा. मूळच्या त्या बागलाणातल्या नामपूरच्या. तीसेक वर्षं नाशकात काढून त्यांचं मराठी अगदी शहरी झालं होतं, पण घाई झाली किंवा राग आला की मधूनच अहिराणी निसटायची.

त्यांना एक वेगळाच नाद होता. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, कोपऱ्यात, 'कालच्या बातमीत अमुक चुकीचे छापले गेले' अशी दोन ओळींची दुरुस्ती येते ना, ती त्या कापून ठेवायच्या. एक जाड फाइल भरली होती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बातमी सगळेच छापतात. हे छापायला छाती लागते."

मी अकरावीत यायच्या दोनेक वर्षं आधी आमच्याच संस्थेच्या वरिष्ठ महाविद्यालयानं शोधनिबंधांचा एक डेटाबेस घेतला होता. तो प्राध्यापकांसाठी. अकरावी-बारावीच्या पोरांना तो कशाला, असाच सगळ्यांचा सूर होता. मॅडमनी दोन वर्षं अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसून राहिल्या. शेवटी माझ्या अकरावीच्या वर्षी परवानगी मिळाली: दोन संगणक, मंगळवार आणि शुक्रवार, पासवर्ड फक्त मॅडमकडे. त्या दिवशी त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पेढे वाटले. एका सरांनी, "मुलाचं लग्न ठरलं का?" असं विचारल्याचं आठवतं. मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं.

आम्हाला डेटाबेस म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "गूगल म्हणजे आठवडे बाजार. कुणीही यावं, गोणपाट अंथरावं आणि ओरडावं. इथं आत येणारा माल आधी कुणीतरी जाणत्यानं पारखलेला असतो. पण इथं कुणी ओरडत नाही. काय हवंय ते तुम्हालाच नीट मागावं लागतं."

मागायचं कसं, हे त्यांनी संगणक चालूसुद्धा न करता शिकवलं. आम्हाला वर्गात उभं केलं. "चष्मा आहे ते उभे राहा, बाकीचे बसा." अर्धा वर्ग बसला. "आता चष्मा आणि सायकल, दोन्ही आहे ते." बरेच बसले. "चष्मा आणि सायकल आणि डावखुरे." मी एकटी उभी राहिले. सगळे हसले. "आता चष्मा किंवा सायकल," असं म्हटल्याबरोबर खुर्च्या सरकल्या आणि जवळजवळ सगळा वर्ग उभा.

"कळलं?" मॅडम म्हणाल्या. "'आणि' म्हटलं की गर्दी कमी होते, 'किंवा' म्हटलं की वाढते. मशीनला एवढंच कळतं. तुम्हाला काय हवंय ते त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळायला पाहिजे."

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांना जाच वाटायचा. प्रत्येकानं शंभर पानी वही आणायची, तिला त्या 'शोधवही' म्हणायच्या. कोणत्या तारखेला कोणते शब्द टाकून शोधलं, किती लेख सापडले, त्यातले कोणते उघडले, कोणते शेवटपर्यंत वाचले, सगळं लिहायचं. मॅडम पानागणिक सही करायच्या. नुसता वरचा सारांश वाचून 'वाचला' असं लिहिलेलं त्यांना बरोब्बर कळायचं. "लग्नपत्रिका वाचलीस आणि जेवून आले म्हणतेस," असं म्हणून त्या तो शब्द खोडायला लावायच्या. आणि काहीच सापडलं नाही तर तेही लिहायचं. पोरं कुरकुरायची, की जे सापडलंच नाही ते कशाला लिहायचं? त्यावर मॅडमचं ठरलेलं अहिराणी वाक्य होतं: "'नही शे' हाईबी उत्तरच शे." नाही, हेही उत्तरच आहे.

एकदा देवरे सरांचा रसायनशास्त्राचा तास चालू होता. दारात मॅडम. सर थांबले. "एक मिनिट घेते," म्हणून मॅडम आत आल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "काल मी रोहिणीला सांगितलं की तिनं काढलेला लेख कांद्यावर आहे. तो लसणावर आहे. मी नीट न वाचता सांगितलं. माझी चूक."

वर्ग फिस्सकन हसला. कांदा-लसणाचं काय ते, त्यासाठी तास थांबवायचा? देवरे सरही हसले. मॅडम हसू ओसरेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "रोहिणी, वहीत दुरुस्त कर," आणि गेल्या. मीही त्या हसणाऱ्यांत होते.

त्या वर्षी जिल्ह्याची संशोधन प्रकल्पांची स्पर्धा होती. माझ्या मामांची विंचूरला शेती आहे, कांदे साठवायची चाळ आहे. मामा चाळीत कांद्याच्या थरांमध्ये सुकलेला कडुलिंबाचा पाला घालायचे. "लय फरक पडतो गं. सडत नाय एवढा," हे त्यांचं म्हणणं. ते खरं का हे बघायचं मी ठरवलं. चार महिने दर रविवारी बसनं विंचूरला जायचे आणि पाला घातलेल्या व न घातलेल्या क्रेट्समधले सडलेले कांदे मोजायचे. घरी परतले की आई मला आधी न्हाणीघरात पाठवायची, एवढा वास यायचा. पाल्याच्या क्रेटमध्ये खरंच कमी कांदे सडत होते.

मॅडमना हा प्रकल्प फार आवडला होता. दुसऱ्या कुणाला त्या ठरल्या वेळेपेक्षा जास्त बसू देत नसत, मला द्यायच्या. शब्द कसे बदलून बघायचे ते शेजारी बसून दाखवायच्या. कांदा या शब्दानं नाही तर त्याच्या शास्त्रीय नावानं, सडणं नाही तर साठवणुकीतली घट. सात चांगले लेख मिळाले. पण चाळीत कडुलिंबाचा पाला घालण्याबद्दल एकही मिळेना. तीन आठवडे आम्ही दोघी शोधत होतो.

"लिही तसं," मॅडम म्हणाल्या. "'उपलब्ध डेटाबेसमध्ये या विषयावर आम्हाला लेख आढळला नाही.' अगं, हे तुझ्या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. म्हणजे तू जे मोजलंस ते कुणी मोजलेलं नाही."

मला ते पटलं नाही. स्पर्धेच्या सूचनांमध्ये किमान आठ संदर्भ हवेत असं लिहिलं होतं. माझ्याकडे सात. शिवाय मला वाटलं, परीक्षक म्हणतील, पोरीनं शोधलंच नाही. आठवा संदर्भ कुठलाही चालला असता, लसणावरचासुद्धा. पण मला माझंच म्हणणं खरं ठरवणारा हवा होता.

म्हणून मी तो तयार केला. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, आमच्या हॉलमध्ये बसून. दोन लेखकांची नावं, एका नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, पानं. सात खरे संदर्भ समोर होतेच, त्यांच्या साच्यात आठवा घातला. एक टक्केवारीही घातली, दशांश चिन्हासकट. याला दहा मिनिटं लागली. जे आम्हाला तीन आठवड्यांत सापडलं नव्हतं, ते दहा मिनिटांत तयार झालं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा लाज वाटली नाही. हुशारी वाटली.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "बाइंडिंगला द्यायच्या आधी संदर्भांची यादी दाखव."

"दिला मॅडम बाइंडिंगला," मी म्हटलं. प्रकल्प माझ्या दप्तरात होता.

स्पर्धेतले परीक्षक वयस्क होते, कांद्याच्या साठवणुकीवर आयुष्य घालवलेले. माझे तक्ते बघून ते खूश झाले. मग यादीवर बोट फिरवता फिरवता आठव्या ओळीवर थांबले. मला वाटलं, संपलं. पण त्यांना संशय आलाच नव्हता; ते हरखले होते. "हा लेख माझ्या नजरेतून कसा सुटला? कुठं मिळाला तुला?"

"आमच्या ग्रंथपाल मॅडमनी दिला," मी म्हणाले.

हे वाक्य मी जुळवून ठेवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. मी आजही त्या आपोआपपणाला घाबरते.

"त्यांना माझा नमस्कार सांग. आणि मला प्रत पाठवायला सांग, बेटा," ते म्हणाले. मला पहिला क्रमांक मिळाला, प्रकल्प राज्य पातळीसाठी निवडला गेला.

मी निरोप दिला नाही. महिनाभरानं परीक्षकांचं पत्रच प्राचार्यांकडे आलं. अतिशय सौजन्यानं लिहिलेलं, प्रत मागणारं. प्राचार्यांनी ते मॅडमकडे दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मला ग्रंथालयात बोलावलं. समोर त्यांची स्वतःची शोधवही उघडी होती. पाच पानं भरली होती.

"काल दिवसभर शोधला," त्या म्हणाल्या. "लेखकांच्या नावानं, विषयानं. त्या नावाचं नियतकालिकच नाही. ऋतुजा, हा लेख तू कुठं वाचलास?"

'मिळाला' नव्हे, 'वाचलास' असं त्यांनी विचारलं होतं. मला वाट काढून द्यायची असती तर त्यांनी 'मिळाला' म्हटलं असतं.

"तुम्हीच दिलेल्या प्रिंटआउट्समध्ये होता, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. सायकल स्टँडवर कुणीतरी घंटी वाजवत होतं. मी बुद्धाच्या चित्राकडे बघितलं, मग तिथूनही नजर काढून घेतली.

"बरं," त्या म्हणाल्या.

प्राचार्यांनी दोन दिवसांनी बैठक घेतली. माझ्या वडिलांनाही बोलावलं. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, अर्धी रजा टाकून आले होते आणि मॅडमना बघताच सुरू झाले, "पोरांच्या आयुष्याशी खेळता का तुम्ही? चार महिने राबली माझी मुलगी. तुम्ही दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला तिनं."

प्राचार्य मॅडमना म्हणाले, "हा लेख तुम्ही दिलात?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. आता त्या वही काढतील, माझ्या वहीतली पानं दाखवतील. प्रत्येक पानावर त्यांची सही होती आणि त्यातल्या एकाही पानावर तो लेख नव्हता.

"असा लेख अस्तित्वात नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि शेवटची यादी तपासणं माझं काम होतं. ते राहिलं."

"म्हणजे चूक तुमची?"

"तपासायचं राहिलं, ती माझी."

प्राचार्यांना एवढं पुरे होतं. मॅडमना मेमो मिळाला. प्रकल्प राज्य पातळीवरून मागे घेतला. परीक्षकांना पत्र गेलं की ग्रंथालयाच्या अनवधानामुळे चूक झाली. डेटाबेसची परवानगी बंद झाली, दोन्ही संगणक प्रवेशाच्या कामाला ऑफिसात गेले. मला सगळे सहानुभूती दाखवत राहिले. देवरे सरांनी तर पाठ थोपटली.

केबिनमधून बाहेर पडल्यावर बाबा स्कूटर काढायला गेले. व्हरांड्यात मी आणि मॅडम दोघीच उरलो. मी "मॅडम..." एवढंच म्हटलं.

"मी तुला वाचवलं असं समजू नको," त्या म्हणाल्या. आवाज हलका होता. "खोटं मी कुणासाठी बोलत नाही. माझं होतं तेवढं सांगितलं. तुझं तुझ्याकडे शे."

शे. तेवढ्यावरून मला कळलं की त्या किती रागावल्या आहेत.

स्कूटरवर बाबा वाऱ्यावर ओरडून म्हणाले, "असली माणसं भरतात नोकरीत, मग हेच होणार." असली म्हणजे कसली, हे मला समजलं. जातीचं नाव न घेता कुठल्याही घरात समजतं तसंच. त्या बाईंइतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नव्हतं, आणि हे माहीत असणारी त्या स्कूटरवर मी होते. मी बाबांच्या पाठीमागे गप्प बसून राहिले.

बारावीत मी ग्रंथालयात पाऊल टाकलं नाही. पुस्तक हवं असलं तर मैत्रिणीला पाठवायचे. मॅडम दिसल्या की जिना बदलायचे. त्यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी परवानगीसाठी पुन्हा अर्ज केल्याचं ऐकलं, मिळाली नाही. आमच्या मागून आलेल्या किती मुलांनी त्या दोन संगणकांवर काय शोधलं असतं, कोण जाणे.

आता मी सिन्नरला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बारावीचे प्रकल्प माझ्याकडे असतात. यंदा एका मुलीनं दिलेल्या बारा संदर्भांपैकी नऊ अस्तित्वातच नव्हते. मोबाइलला विचारलं, त्यानं दिले, हिनं उतरवले. मी तिला वर्गात उभं करून बोलले. खूप बोलले. ती रडली. मग डोळे पुसत तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळी कुणीच असं करत नव्हतं का?"

"नाही," मी म्हणाले.

माझ्यासमोर चाळीस मुलं होती, आणि हे उत्तरही आपोआपच आलं.

त्या आठवड्यात मी माझ्या जुन्या महाविद्यालयाला पत्र लिहिलं. तो लेख मी तयार केला होता, निरभवणे मॅडमचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे पत्र त्यांच्या सेवापुस्तकाला जोडावं. स्वतः जाऊन दिलं. ऑफिसमधला क्लार्क नवा होता. त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम तर कधीच्या रिटायर झाल्या. हे कुठल्या फाइलला लावू?" त्यानं आवक नोंदीचा शिक्का मारून प्रत परत दिली आणि मॅडमचा पत्ता शोधून दिला. त्या नामपूरला, भावाच्या घरी राहत होत्या.

मी शनिवारी गेले. सटाण्याला बस बदलली. नामपुरात कांद्याचा लिलाव नुकता संपला होता, रिकामे ट्रॅक्टर परतत होते. मॅडम घराच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. त्यांनी वर बघितलं.

"ऋतुजा. विंचूरची चाळ," त्या म्हणाल्या. "ये. बस."

आतून पाण्याचा तांब्या आणला. मी पत्राची प्रत पुढे केली. त्यांनी हात पदराला पुसले आणि पत्र वाचलं. संपलं तसं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"'त्या वयातल्या अजाणतेपणातून' असं लिहिलंयस," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू अजाण नव्हतीस. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जाणती होतीस. हे काढ."

मी मान हलवली.

"आणि मी 'थोर मनानं' सहन केलं म्हणतेस. थोर-बीर काही नाही. मला भयंकर राग आला होता. वर्षभर त्या खोलीत शिरावंसं वाटत नव्हतं. तुझा पहिला नंबर आलाय हे मी सगळ्या स्टाफला सांगितलं होतं, माहितीये?" त्या थांबल्या. "तेही काढ. जे झालं तेवढंच लिही."

आतून त्यांनी कोरे कागद आणून दिले. मी ओट्यावर, पायरीशी बसून पत्र पुन्हा लिहिलं. अजाणतेपण गेलं, थोर मन गेलं, 'आजही मला अपराधी वाटतं' हे मी स्वतःच वगळलं. चार ओळी उरल्या. मॅडमनी त्या वाचल्या आणि कागद परत दिला.

"हे कॉलेजात दे. आधीचं परत घे." मग विचारलं, "वडील आहेत?"

"आहेत."

"त्यांना ठाऊक आहे?"

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली. मॅडमनी उरलेला कागद माझ्याकडे सरकवला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी 'तीर्थरूप बाबांस' लिहिलं आणि थांबले. पुढची ओळ येईना. बऱ्याच वेळानं वर बघितलं, तर त्या खाली मान घालून शेंगा सोलत होत्या, दाणे एकेक करून सुपात पडत होते.

"शेवटची बस सहाला आहे," मान वर न करता त्या म्हणाल्या. "लिही. वेळ आहे."